मतदानकेंद्रातील एक दिवस

स्वातंत्र्यापूर्वीही आपल्या देशात निवडणुका होत असत. परंतु मत देण्याचा हक्क सर्वांना नव्हता. ज्याच्या नावावर जमीनजुमला असे, जो ठरावीक कर भरी, किंवा ज्याचे काही शिक्षण झालेले असे, त्याचेच नाव बहुधा यादीत येई. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाळी करणारा कामगार, हातमागावर बसलेला कोष्टी, संत्र्याच्या बागेत राबणारी मजूर बाई यांच्यापैकी बहुतेकांना त्या यादीत जागा नव्हती. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली आणि ही स्थिती पालटली. वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, स्त्री असो वा पुरुष, श्रीमंत असो वा दरिद्री, एक मत मिळाले. पुढे १९८९ साली ही वयोमर्यादा अठरा वर्षांवर आणण्यात आली.

घटनेत हक्क लिहिणे ही एक गोष्ट. तो कोट्यवधी लोकांच्या हाती प्रत्यक्ष देणे ही दुसरी. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. त्या वेळी मतदारांची संख्या सुमारे १७ कोटी ३२ लक्ष होती, आणि देशातील शंभर माणसांत जेमतेम अठरांना लिहितावाचता येत होते. ज्याला अक्षर ओळखू येत नाही, त्याने उमेदवाराचे नाव कसे शोधावे? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे हा मोठाच प्रश्न होता. त्यावर एक सोपी योजना करण्यात आली. प्रत्येक उमेदवारासाठी लोखंडी पत्र्याची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. बैलजोडी, झाड, झोपडी, दिवा, हत्ती अशी ती चिन्हे होती. ज्याने जन्मभर पाटी धरली नाही, त्यालाही बैलजोडी आणि झाड यांतील भेद सांगावा लागत नाही. मतदाराने पडद्याआड जावे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकून बाहेर यावे.

ह्या योजनेत एक उणीव होती. मतपत्रिकेवर मतदाराला कोणतीही खूण करावयाची नसे. त्यामुळे कोणी ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेली, तर तीच पत्रिका दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका राही. पुढे १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच पत्रिकेवर छापून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी सुरू झाली.

पहिल्या निवडणुकीतील सर्वांत नाजूक प्रश्न मात्र पेटीचा नव्हता. तो नावाचा होता. याद्या करणारे कारकून घरोघर गेले, तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. “अमक्याची आई”, “तमक्याची बायको” एवढेच त्या म्हणाल्या. महाराष्ट्रात पतीचे नाव उखाण्यात गुंफूनच घेण्याची रीत होती; परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणे तर कित्येक घरांत मर्यादेचा भंग समजले जाई. निवडणूक आयोगाने ठरविले, की मत हे व्यक्तीचे असते. जिचे नाव नाही, तिची नोंद होणार नाही. परिणामी, मुख्यतः उत्तरेकडील प्रदेशांतील सुमारे २८ लक्ष स्त्रियांच्या नोंदी यादीतून गळाल्या. हा निर्णय कठोर होता यात शंका नाही. परंतु “तमक्याची बायको” म्हणून दिलेले मत तिचे की त्या तमक्याचे, हा प्रश्न तसाच ठेवणे अधिक वाईट झाले असते. ह्याच निवडणुकीत नागपूरने, जे त्या वेळी मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे शहर होते, लोकसभेवर एक स्त्री निवडून पाठविली. त्या अनसूयाबाई काळे होत. १९५७ सालीही नागपूरने त्यांनाच निवडले.

आता पेट्या गेल्या आणि त्यांच्या जागी मतदानयंत्रे आली. तथापि मतदानकेंद्र चालविणारी माणसे मात्र पूर्वीसारखीच साधी आहेत. प्राथमिक शाळेतील शिक्षिका, जिल्हा परिषदेतील लिपिक, बँकेतील कारकून अशांना निवडणुकीच्या कामाचा हुकूम येतो. त्यांतील एक केंद्राध्यक्ष होतो, इतर मतदान अधिकारी होतात. त्यांना प्रशिक्षण मिळते; पण पहिल्यांदाच काम करणाऱ्याच्या छातीत धडधड असतेच. आपल्या हातून एक मोहोर चुकली तर शेकडो लोकांच्या मतांवर संशय येईल, ही ती धडधड होय.

नागपूर मतदारसंघात १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. एप्रिलात नागपूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, म्हणून शहाणे लोक सकाळीच रांग धरतात. केंद्रावरील मंडळी तर आदल्या दिवशीच यंत्रे व साहित्य घेऊन पोचलेली असतात. बाके बाजूला सारून, फळ्यावरील गणित पुसून, शाळेच्या वर्गातच त्यांचा मुक्काम पडतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करावयाचे असते. निदान पन्नास मते टाकून यंत्र प्रत्येक मत बरोबर मोजते की नाही ते सर्वांना दाखवितात. मग ती मते पुसून, यंत्र कोरे असल्याचे दाखवून, सर्वांच्या सह्यांनिशी ते मोहोरबंद करतात. सात वाजता पहिला मतदार आत येतो.

एक अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतो. तो आपल्यासाठी वाचत नाही. शेजारी बसलेल्या प्रतिनिधींनी ऐकावे म्हणून वाचतो. एखाद्या प्रतिनिधीला वाटले, की हा माणूस तो नव्हेच, तर त्याने दोन रुपये अनामत ठेवून आक्षेप घ्यावा. केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतो. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो. ह्या शाईत चांदीचा एक क्षार असतो. उजेड लागताच तो काळा पडतो आणि साबणाने घासूनही लवकर जात नाही. ज्याला डावी तर्जनी नाही त्याचे काय? त्याच्या डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला शाई लावावी. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताच्या. आणि दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताच्या टोकाला लावावी, असे नियमात लिहिलेले आहे. नियम लिहिणाऱ्याने गिरणीत, चरकात हात गमावलेल्या माणसाचाही विचार करून ठेवला आहे.

नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची अवघी ६३ सेंटीमीटर आहे. हयात स्त्रियांत सर्वांत कमी उंचीच्या म्हणून जगात त्यांची नोंद आहे. त्यांनीही त्या दिवशी नागपुरात मत दिले. इतरांइतकेच, एक. त्या निवडणुकीत पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या अपंगांना घरीच मत देण्याची सोय होती. तेव्हा कर्मचारी त्यांच्या दारी जात. आणि तेथेही मत नोंदविताना घरातील मंडळींना दूर उभे राहावे लागे. अंध मतदाराला सोबती नेता येतो. पण एका सोबत्याला एका दिवशी एकाच मतदाराला साहाय्य करता येते, आणि मत गुप्त राखीन असे त्याला लिहून द्यावे लागते.

केंद्रावर सर्वांत अवघड प्रसंग कोणता, असे अनुभवी केंद्राध्यक्षाला विचारले तर तो बहुधा हा सांगेल. एखादी म्हातारी काठी टेकीत येते, नाव सांगते, आणि यादीत तिच्या नावापुढे आधीच खूण झालेली दिसते. तिच्या नावावर दुसरेच कोणी मत देऊन गेलेले असते! “माझं मत कुठं गेलं, बाबू?” ह्या प्रश्नाला त्या खोलीत कोणाकडेही उत्तर नसते. तरी तिला परत पाठविता येत नाही. ती तीच असल्याची खात्री पटल्यावर केंद्राध्यक्ष तिला छापील मतपत्रिका देतो. यंत्राच्या काळातही ही एक कागदी पत्रिका राखून ठेवलेली आहे. तिला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. परंतु निकालाविरुद्ध कोणी न्यायालयात गेल्यास ते पाकीट उघडले जाऊ शकते. एवढ्याशा पाकिटाचा उपयोग तो काय, असे कोणास वाटेल. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ साली विधानसभेच्या निवडणुकीत विजयी उमेदवाराला ६२,२१६ आणि पराभूत उमेदवाराला ६२,२१५ मते पडली होती.

दुपारी ऊन चढते तशी रांग विरळ होते आणि सायंकाळी पुन्हा फुगते. सहा वाजता मतदान संपावयाचे. पण त्या क्षणी जो रांगेत उभा आहे, त्याला मत देण्याचा हक्क आहे. मग सहा वाजून एक मिनिटाने आलेल्याला ओळखावे कसे? केंद्राध्यक्ष सहीच्या, क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर जातो आणि वाटपाला सुरुवात रांगेच्या शेपटाकडून करतो. पहिली चिठ्ठी सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला मिळते. पुढून वाटप सुरू केले असते, तर चिठ्ठ्या वाटता वाटता मागे नवी माणसे येऊन उभी राहिली असती.

शेवटचे मत पडल्यावर यंत्र बंद करतात. एकूण किती मते नोंदली गेली तो आकडा एका तक्त्यात भरून, त्याच्या प्रती उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. त्यानंतर मंडळी यंत्रांसह वाहनात बसून ती जमा करण्यास निघतात. तेथे पुन्हा रांग असते, आणि ह्या खेपेस तीत केंद्राध्यक्ष उभे असतात. कागद तपासले जातात, मोहोरा पाहिल्या जातात. पावती हाती पडेपर्यंत कित्येकांना मध्यरात्र होते. नागपूरच्या मतांची मोजणी ४ जून २०२४ रोजी कळमना येथील बाजार समितीच्या आवारात झाली. मोजणीच्या टेबलावर यंत्र आले, की प्रतिनिधी आपल्याजवळची प्रत उघडून बसतो. यंत्रातील एकूण मतांचा आकडा आणि त्या सायंकाळी शाळेच्या खोलीत लिहिलेला आकडा तो आधी ताडून पाहतो. कोणाला किती मते पडली हे त्यानंतर.