काचेचा मणी आणि चांदीची माती: सिल्व्हर क्ले सुरू करताना हात, भट्टी आणि हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत टॉर्चवर मणी कसा करायचा आणि त्याच्यासाठी सिल्व्हर क्लेची कॅप कशी बनवायची, ते दाखवलंय. व्हिडिओत हात दिसतात, पण तापमान आणि पैशाचे आकडे लिहून घेता येत नाहीत. म्हणून ते इथे देतेय. वही घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काच आणि धातू एकत्र ही कल्पना आपल्याला नवीन नाही. मंगळसूत्रातले काळे मणी बहुतेक वेळा काचेचेच असतात, आणि मधे सोन्याच्या वाट्या. तेरला लामतुरे संग्रहालयात गेलात तर सातवाहन काळातले मणी बघायला मिळतात, त्यात काचेचेही आहेत. दोन हजार वर्षं लोक काचेचा मणी गळ्यात घालतायत. त्यामुळे गिऱ्हाईकाला 'काचेचा मणी म्हणजे काय' हे समजावत बसावं लागत नाही. समजावावं लागतं ते किमतीबद्दल. त्यावर खाली सविस्तर बोलू.

सिल्व्हर क्ले म्हणजे काय? चांदीची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी. १९९० च्या दशकात ही जपानमधून जगभर पसरली. मित्सुबिशी मटेरियल्सची पीएमसी आणि आयदा केमिकलची आर्ट क्ले सिल्व्हर ही दोन नावं तुम्ही ऐकाल. कणकेसारखी मळता येते, लाटता येते, छाप उठवता येतो. वाळल्यावर भाजली की चिकट पदार्थ जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना धरतात आणि हातात येते ती शुद्ध चांदी, ९९९ ची. सराफाकडच्या दागिन्यात मजबुतीसाठी तांबं मिसळलेलं असतं, ते यात नाही. म्हणून ही चांदी मऊ असते, आणि भाजून तयार झालेली असल्यामुळे आतून थोडी सच्छिद्र राहते. रोज घालायची, भांडी घासताना हातात असणारी अंगठी यातून करून विकू नका. पेंडंट, कानातलं, मण्याची कॅप यासाठी ती उत्तम.

आता आकसण्याचा विषय. भाजल्यावर वस्तू लहान होते. कमी तापमानाला भाजणाऱ्या क्ले साधारण ८ ते १२ टक्के आकसतात, जुनी मूळची पीएमसी तर २८ टक्क्यांच्या आसपास. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. मण्याला बसणारी कॅप करताना मण्याच्या मापाने केली तर भाजून आल्यावर ती बसणारच नाही. १२ मिलिमीटरचा मणी असेल आणि क्ले १० टक्के आकसणारी असेल, तर ओली कॅप सव्वातेरा ते साडेतेरा मिलिमीटरची हवी. हा गुणाकार प्रत्येक वेळी करायचा. अंदाजाने नाही.

हात बसवायला क्ले फोडू नका. कणीक घ्या. खरंच सांगते, पोळ्या लाटणाऱ्या हाताला जाडी कळते, हा आपल्याकडच्या बायकांचा मोठा फायदा आहे. पत्त्यांच्या कॅटमधले चार-चार पत्ते दोन बाजूंना ठेवा, मधे कणीक ठेवून प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्याने लाटा. एकसारख्या जाडीची चकती येते. अशा वीस चकत्या झाल्या, कडा फाटेनाशा झाल्या, की मग पाकीट उघडा. फरक एवढाच की क्ले कणकेपेक्षा फार लवकर सुकते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर पंख्याखाली काही मिनिटांत भेगा पडायला लागतात. पंखा बंद, हाताला तेलाचं बोट, आणि उरलेली क्ले लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद डबीत. पावसाळ्यात उलटा त्रास: वाळतच नाही. वरून कोरडी, आत ओली अशी वस्तू भाजली तर वाफेने फुगते किंवा तडकते. थंड आरशावर ठेवून बघा, खाली धुकं उमटलं तर अजून ओल आहे.

ॲल्युमिनियमची हत्यारं किंवा फॉइल या क्लेला लावू नका, चांदी खराब होते. वाळलेली वस्तू घासताना पडणारी पूड कागदावर गोळा करा. पाणी घालून तिची पेस्ट होते, जोड द्यायला कामी येते. सराफ बाजारातल्या दुकानांबाहेरचा कचरा झाडून, धुऊन त्यातून सोनं-चांदी काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्या नजरेने आपल्या टेबलाकडे बघा.

भाजणं. कमी तापमानाची क्ले असेल तर लहान वस्तू टॉर्चवर भाजता येते. भट्टीच्या विटेवर ठेवा, आच गोल फिरवत ठेवा. आधी थोडा धूर आणि छोटी ज्योत दिसेल, तो चिकट पदार्थ जळतोय, घाबरू नका. मग वस्तू पांढरी पडते, नंतर फिक्या नारिंगी रंगाने चमकायला लागते. त्या रंगावर पाकिटात सांगितलेला वेळ धरून ठेवा. पृष्ठभाग पाऱ्यासारखा चकाकायला लागला की आच लगेच मागे घ्या, कारण चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि तुम्ही तिथे पोचला आहात. हा रंग नीट दिसायला खोलीत उजेड कमी हवा. भाजलेली वस्तू पांढरी, खडूसारखी दिसते. पितळी ब्रशने घासली की चांदी दिसायला लागते. तो क्षण व्हिडिओत आहे, बघाच.

मण्याकडे वळू. मणी करताना स्टीलच्या सळीला चुन्यासारखा लेप लावून, वाळवून, त्यावर वितळलेली काच गुंडाळतो. तयार मणी तसाच थंड केला तर आतला ताण राहतो आणि आज ना उद्या तो तडकतो. म्हणून साध्या सोडा-लाइम काचेचा मणी भट्टीत साधारण ५१० अंशांवर धरून हळूहळू थंड करतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या काचा एकत्र वापरायच्या असतील तर आधी चाचणी घ्या: दोन्हीचे थोडे तुकडे आचेत शेजारी-शेजारी जोडा आणि बारीक तार ओढा. तार थंड होताना एका बाजूला वाकली तर त्या काचा एकमेकींशी जमत नाहीत. फिरोजाबाद किंवा पुरदिलनगरकडून सुट्या कांड्या मागवणाऱ्यांनी ही चाचणी प्रत्येक गठ्ठ्याची करावी. मण्याचं भोक साफ करताना लेपाची पूड उडते, म्हणून ते काम पाण्याखाली. आणि आचेकडे बघताना डिडिमियमचा चष्मा. काचेतल्या सोडियमची पिवळी ज्वाळा तो कापतो, काम स्पष्ट दिसतं.

गॅसबद्दल एकदाच आणि स्पष्ट: घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला लावायचा नाही. तो बेकायदेशीर आहे. व्यावसायिक १९ किलोचा किंवा बाजारात मिळणारा ५ किलोचा घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे तळघरात किंवा खाली फट नसलेल्या बंद खोलीत हे काम नको.

काच आणि चांदी एकत्र भाजता येतात का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. येतात. पण काच आकसत नाही आणि क्ले आकसते, त्यामुळे मण्याभोवती घट्ट वेढा दिला तर चांदी फाटते. जागा सोडावी लागते. तापमान हळू वाढवावं लागतं, ताशी २५० अंशांपेक्षा कमी वेगाने, ६५० च्या पुढे जायचं नाही, मग ५१० वर थांबायचं आणि भट्टी बंदच ठेवून थंड होऊ द्यायची. मधेच दार उघडलं तर मणी गेला. काही काचांवर चांदीचा पिवळसर डाग पडतो, तोही धरून चाला. माझं मत: पहिले सहा महिने एकत्र भाजूच नका. मणी वेगळा, कॅप वेगळी, दोन्ही तारेने जोडा. दिसायला तेच, नुकसान निम्मं.

आता हिशोब. सिडकोतल्या एक ताई माझ्याकडे मणी शिकल्या. बचत गटातून पन्नास हजार उचलून त्या भट्टी आणि क्ले एकदमच घ्यायला निघाल्या होत्या. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. मी त्यांना दुकानात बसवून एक कागद लिहून दिला, तोच इथे देते. आकडे उदाहरणाचे आहेत. भाव रोज बदलतो, तुमचा आजचा भाव घाला.

समजा चांदी २०० रुपये ग्रॅम आणि क्ले ४५० रुपये ग्रॅम. पेंडंटला ५ ग्रॅम क्ले लागली: २,२५०. दोन तासांची मजुरी ३००, मणी आणि गॅस १००, डबी-पिशवी ८०. झाले २,७३०. दहा टक्के खराबी धरा, ३,००० झाले. दुकान, वीज, नफा धरून दीडपट-पावणेदोनपट करा, म्हणजे ४,८०० च्या आसपास किंमत. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारणार, "वजन किती?" भाजल्यावर भरलं साडेचार ग्रॅम. सराफ बाजारातल्या भावाने ९०० रुपयांची चांदी. नाशिकला चांदी वजनाने घ्यायची सवय आहे, आणि त्या सवयीपुढे तुमचं कौशल्य हरतं.

आता तेच पेंडंट मण्याभोवती उभं करा. मोठा, देखणा काचेचा मणी आणि क्लेच्या फक्त दोन कॅप, दीड ग्रॅम: ६७५. बाकी खर्च तेवढाच, ४८०. खराबी धरून १,२७० च्या घरात. किंमत २,०००. इथे गिऱ्हाईक वजन विचारत नाही, कारण नजर मण्यावर आहे आणि मण्याचा ग्रॅमचा भाव कुणाला माहीतच नाही. क्ले घ्यायची ती मण्याला उठाव द्यायला. चांदी विकायची असेल तर सराफाचं दुकान काढावं.

ताईंनी पन्नासऐवजी वीस हजार उचलले. टॉर्च, चष्मा, काच, आणि क्लेचं एकच छोटं पाकीट. मणी तयार झाले की आठवड्यातून एकदा माझ्या भट्टीत लावायला आणतात, त्याचे थोडे पैसे देतात. भट्टी घ्यायची वेळ येईल तेव्हा एकच घ्यायची: डिजिटल कंट्रोलरची, ९०० अंशांपर्यंत जाणारी. तीच मणी थंड करायला, तीच क्ले भाजायला. दोन भट्ट्यांची गरज नाही.

विक्रीच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. पण बीआयएसची नोंदणी नसताना स्वतःच तो शिक्का उठवणं गुन्हा आहे. तुम्ही बिलावर लिहा: 'हस्तनिर्मित काचेचा मणी, शुद्ध चांदीची कॅप, चांदीचं वजन १.३५ ग्रॅम'. वजन लपवू नका. पुढे मोडायला नेल्यावर गिऱ्हाईकाला ते कळणारच आहे.

सिंहस्थात काय विकता येईल, असंही बरेच जण विचारतायत. माझ्या मते २,००० चा मणी रामकुंडाच्या गर्दीत विकला जात नाही. गंगापूर रोडच्या बाजूला वाइनरीला येणारे मुंबई-पुण्याचे पाहुणे, प्रदर्शनं, बुटीक, ही तुमची जागा. तिथे जाताना बारा वस्तू न्या, चाळीस नाही. प्रत्येकीला कागदाची छोटी चिठ्ठी लावा: मणी कोणत्या रंगाच्या काचेचा, किती वेळ लागला, चांदी किती. आणि किंमत त्याच चिठ्ठीवर, सगळ्यात वर.