मलेशिया : पोलिसांचे उत्तरदायित्व आणि जनविश्वास

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची निःपक्षपाती चौकशी हा जनविश्वासाचा पाया होय. मलेशियात २००४ साली माजी सरन्यायाधीश मोहम्मद जैद्दिन अब्दुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. त्याने २००५ साली १२५ शिफारशी केल्या. स्वतंत्र तक्रार आयोगाची स्थापना ही त्यांपैकी प्रमुख शिफारस होती. पोलीस नेतृत्वाने तिला विरोध दर्शविला. पुढे २०२२ च्या कायद्यान्वये स्वतंत्र पोलीस आचरण आयोगाची तरतूद झाली. हा कायदा १ जुलै २०२३ पासून अमलात आला. हा आयोग चौकशी करतो; परंतु शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १४० अन्वये पोलीस दल आयोगाकडेच राहतो. गृहमंत्री त्याचे अध्यक्ष, तर पोलीस महानिरीक्षक सदस्य असतात. चौकशीचा अधिकार एकाकडे आणि शिक्षेचा दुसऱ्याकडे, हीच या व्यवस्थेची मूलभूत मर्यादा आहे.