आनंदवनाच्या साधनाताई

इंदू घुले ही नागपूरच्या एका जुन्या वळणाच्या, सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या घराण्यातील मुलगी. एकदा कुटुंबात लग्नसमारंभ चालू होता. सर्व मंडळी थट्टामस्करीत दंग असता ही मुलगी हळूच मागील दारी गेली आणि थकलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीबरोबर कपडे धुऊ लागली. समारंभास आलेल्या मुरलीधर देविदास आमटे यांनी हे पाहिले. ते वरोऱ्याचे वकील. पण त्या वेळी ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन संन्याशासारखे राहत होते. व्रत बाजूस ठेवून त्यांनी तिला मागणी घातली. असे स्थळ घरच्यांना रुचणे कठीणच होते. इंदूने मात्र होकार दिला. १८ डिसेंबर १९४६ रोजी विवाह झाला आणि इंदूची साधना झाली.

तिचा संसार मांडला गेला तो वरोऱ्याच्या श्रमाश्रमात. तेथे निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र राबत आणि एकाच पंक्तीस जेवत. सोवळ्यात वाढलेल्या मुलीची ही पहिली परीक्षा. दुसरी याहून अवघड होती. गटारीशी पडलेला, हातापायांची बोटे झडलेला तुळशीराम पाहून बाबा आमटे प्रथम भयाने दूर पळाले. मग स्वतःच्या भित्रेपणाची त्यांना लाज वाटली आणि कुष्ठरुग्णांची सेवा करण्याचा त्यांनी निश्चय केला. घरात विकास व प्रकाश ही दोन तान्ही मुले होती. अशा वेळी कोणत्याही मातेने पाऊल मागे घेतले असते, तर तिला दोष देता आला नसता. साधनाताईंनी ते मागे घेतले नाही.

त्या काळी कुष्ठरोग जडला की माणसाला घर पारखे होई. सख्खे आप्तही दार लावून घेत. वास्तविक हा रोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ सालीच दाखविले होते. बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि आज योग्य औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. परंतु १९५१ साली हे दांपत्य ६ रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहावयास गेले, तेव्हा लोकांच्या मनात भीती भरलेली होती. सापविंचवांची तेथे कमतरता नव्हती. कमतरता होती ती पाण्याची. विहीर खणावी लागली ती रुग्णांच्याच अधू हातांनी. जमीन पिकू लागली, तरी तेथली भाजी बाजारात कोणी घेईना! परदेशांतून श्रमदानास आलेल्या तरुणांनी ती आवडीने खाल्ली, तेव्हा कोठे गावकऱ्यांचा संकोच गळाला.

बाबांच्या कार्याची कीर्ती पुढे देशभर पसरली. पण आनंदवनाला घरपण आले ते ताईंमुळे. ज्यांना आपले म्हणणारे कोणी उरले नव्हते, त्यांनाही हाक मारावयास एक ताई होती. या घरी पाहुण्यांची वर्दळ अखंड असे. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे साहित्यिक येत, विद्यार्थी येत, कोणी नुसते पाहावयास येत. बाबा पूजाअर्चेपासून दूर, तर ताई श्रद्धाळू. पण या भेदाने दोघांच्या संसाराला तडा गेला नाही. पुढे मुले डॉक्टर झाली, भारती व मंदाकिनी या सुनाही डॉक्टरच आल्या. १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकशाचे काम सुरू झाले, तेव्हा प्रकाश व मंदाकिनी तेथे राहावयास गेले.

१९९० मध्ये बाबा नर्मदातीरी कसरावदला मुक्कामास निघाले. वयाची साठी उलटली असतानाही ताई पुन्हा नव्या ठिकाणी चूल मांडण्यास सिद्ध झाल्या. भरलेले घर सोडून जाणे त्यांना सोपे गेले असेल, असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या आत्मचरित्राला ताईंनी ‘समिधा’ हे नाव दिले. समिधा म्हणजे यज्ञात अर्पण करावयाची लाकडे. ज्वाळा सर्वांना दिसते, जळणारे लाकूड फारसे कोणी पाहत नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा निवर्तले. त्यांच्यामागून ९ जुलै २०११ रोजी ताईही गेल्या, आणि आनंदवनातील शेकडो माणसे त्या दिवशी दुसऱ्यांदा पोरकी झाली.