पडून राहिलेल्या पैशाची गोष्ट



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. वार्षिक हिशोब चालू होता. एक ताई म्हणाल्या, "खात्यात पैसे नुसते पडून आहेत. सगळे कर्जाला देऊन टाकू, व्याज तरी येईल." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आणि उद्या कुणाला दवाखाना लागला तर?" बराच वेळ बोलणं झालं, पण ठरलं काहीच नाही. तेव्हा मला कॉलेजात शिकलेला २००८ सालचा धडा आठवला.

त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्तसंस्था बुडाली. तिथे काय झालं होतं? फेडायची ऐपत नीट न बघता लोकांना घरासाठी कर्जं दिली. ती कर्जं स्वतःकडे न ठेवता त्यांचे गठ्ठे करून दुसऱ्यांना विकली. कर्ज आपल्या वहीतून गेलं की वसुलीची काळजीही गेली. मग चौकशी कोण करणार? पुढे घरांच्या किमती पडल्या, हप्ते थकले. अमेरिका-युरोपातल्या कितीतरी बँकांना सरकारने पैसा घालून वाचवलं.

आपल्या देशातल्या बँका मात्र उभ्या राहिल्या. त्याची मुख्य कारणं अशी:

१) पैसे बाजूला ठेवायची सक्ती. बँकेकडे आलेल्या दर १०० रुपये ठेवीमागे ठराविक रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवावी लागते. ऑगस्ट २००८ च्या शेवटी ती ९ रुपये होती. त्यावर बँकांना व्याजही मिळत नव्हतं, म्हणजे ताईंच्या भाषेत 'पडून' होते! याशिवाय २५ रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी ठेवायचे होते. संकट आल्यावर रिझर्व्ह बँकेने ते ९ रुपये कमी करत जानेवारी २००९ पर्यंत ५ वर आणले. जे आधी ठेवलं होतं, तेच अडचणीत मोकळं करता आलं. ठेवलंच नसतं तर काढलं कुठून असतं?

२) तेजीतच लगाम. जागा-इमारतींचे भाव चढत होते तेव्हा वाय. व्ही. रेड्डी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. व्यापारी बांधकामाच्या कर्जाची जोखीम पूर्वीच्या दीडपट धरा, असा नियम २००६ पर्यंत झाला. म्हणजे असं कर्ज द्यायचं तर बँकेला स्वतःचं भांडवल जास्त लावावं लागे.

३) कर्ज विकून लगेच नफा नाही. २००६ च्या नियमाप्रमाणे कर्ज विकलं तरी त्यातला नफा एकदम दाखवता येत नव्हता, हळूहळू दाखवायचा होता. त्यामुळे "द्या आणि विका" हा धंदा इथे फार वाढला नाही.

शिवाय तेव्हा आपल्या बँक व्यवहाराचा मोठा भाग सरकारी बँकांकडे होता. त्यामुळे लोकांचा विश्वास टिकला.

याचा अर्थ आपल्याला झळ बसली नाही असं नाही. निर्यात घटली, सुरतच्या हिरे कारखान्यांतल्या कितीतरी कामगारांचं काम गेलं. आणि बँकाही कायमच्या शहाण्या झाल्या नाहीत बरं का! पुढच्या काही वर्षांत मोठ्या उद्योगांना सढळ हाताने कर्जं दिली गेली, आणि २०१८ पर्यंत दर १०० रुपये कर्जामागे सुमारे ११ रुपये थकले. शिस्त एकदा पाळून भागत नाही, दरवर्षी पाळावी लागते.

आता आपल्या गटाकडे बघू. आपण कर्ज देतो ते विकत नाही. ते आपल्याच वहीत राहतं, फेडणारी बाई आपल्याच गल्लीत राहते. म्हणून आपण विचारतो, "कशासाठी पाहिजे? कसं फेडणार?" हे विचारणं म्हणजे संशय नाही, सगळ्यांच्या बचतीची राखण आहे. आणि थोडे पैसे बाजूला ठेवणं हा तोटा नाही. पाऊस दगा देईल, जनावर मरेल, चार जणींचे हप्ते एकदम थांबतील, तेव्हा गट त्याच पैशावर उभा राहील.

पुढच्या बैठकीत यावर बोला:
• आज तीन सभासदांचे हप्ते थांबले तर आपला गट किती महिने चालेल?
• दर १०० रुपये बचतीमागे किती रुपये राखीव ठेवायचे?
• ते कोणत्या कारणासाठी आणि कुणाच्या संमतीने काढायचे?

जे ठरेल त्याचा ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या भेटीत मी वही बघायला मागणार आहे!

तुमची,
क्षेत्र समन्वयक