रॅकेटचे वजन : तराजूतले आणि हातातले

खेळाच्या साहित्याच्या दुकानात गेलेला मनुष्य रॅकेट हातात घेतो, दोन-चार वेळा हवेत फिरवतो आणि ती हलकी आहे की जड आहे याचा निर्णय देऊन मोकळा होतो. ह्या निर्णयात चूक होण्याचा संभव फार असतो. दुकानात हात ताजा असतो, समोर चेंडू नसतो आणि खेळाचा दुसरा तासही उजाडलेला नसतो. काही महिन्यांनी कोपर दुखू लागले म्हणजे तो मनुष्य वयाला दोष देतो किंवा खेळच सोडतो. वास्तविक दोष पुष्कळदा त्या दोन मिनिटांच्या निवडीत असतो. म्हणून रॅकेटचे वजन म्हणजे नेमके काय आणि ते कसे निवडावे, ह्याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करणे आवश्यक आहे.

एक घर, दोन रॅकेटी

महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनात ह्या विषयाचे एक बोलके उदाहरण सापडते. सांगली येथे १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर हे प्रथम टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी मात्र टेनिसच निवडले आणि १९९४ साली हिरोशिमा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले.

पित्याचा आणि पुत्राचा खेळ रॅकेटचाच. परंतु दोन साधनांच्या वजनांत केवढे अंतर! आजची बॅडमिंटनची रॅकेट साधारणतः ८० ते ९५ ग्रॅम भरते, तर टेनिसची सुमारे ३०० ग्रॅम. नंदू नाटेकरांच्या काळातील लाकडी रॅकेटी आजच्यापेक्षा पुष्कळ जड असत, तरी दोन खेळांतील हे अंतर तेव्हाही होतेच. याचे कारण समोरून येणाऱ्या वस्तूत आहे. बॅडमिंटनचे फूल जेमतेम पाच ग्रॅमचे असते; टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. फुलाला वेग देण्यासाठी मनगटाचा झटका पुरतो. चेंडूला परत धाडावयाचे तर रॅकेटच्या अंगीही काही भार असावा लागतो. नाही तर चेंडूच रॅकेटला मागे ढकलतो. सारांश, रॅकेटचे वजन प्रथम चेंडू ठरवतो आणि मग खेळाडू. खेळाडूला उरते ती निवड थोड्याच ग्रॅमांची असते. पण तीच महत्त्वाची असते.

पॅडेलची रॅकेट

अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत रुळू लागलेल्या पॅडेल ह्या खेळात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. एनरिके कोर्क्वेरा यांनी १९६९ साली मेक्सिकोतील अकापुल्को येथे आपल्या घरी हा खेळ सुरू केला. तेथून तो स्पेनमध्ये गेला आणि तेथे भरभराटीस आला. वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा, काचेच्या भिंतींनी व जाळीने वेढलेल्या मैदानावर दोन-दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू एकदा जमिनीवर आपटून भिंतीला लागला तरी खेळ थांबत नाही; भिंतीवरून परतलेला चेंडू टोलवता येतो.

पॅडेलच्या रॅकेटला ताती नसतात. तिचा चेहरा भरीव असून त्याला भोके पाडलेली असतात. आत मऊ फेसाचा गाभा आणि वर काचतंतूचे किंवा कार्बनतंतूचे आवरण असते. नियमांप्रमाणे तिची लांबी ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर यांहून अधिक असता कामा नये. वजनाला मात्र नियमाने मर्यादा घातलेली नाही. बाजारात मोठ्यांच्या रॅकेटी बहुधा ३४० ते ३९० ग्रॅमच्या दरम्यान मिळतात. पन्नास ग्रॅम म्हणजे एका चेंडूच्या वजनाहूनही कमी. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. ते का बिघडते, हे आता पाहू.

दोन वजने

प्रत्येक रॅकेटला दोन वजने असतात. एक तराजूतले, जे वेष्टनावर छापलेले असते. दुसरे हातातले, जे कोठेच छापलेले नसते. मुसळ मधोमध धरले तर सहज उचलता येते. तेच एका टोकाशी धरून आडवे उचलू गेल्यास मनगट लचकते. मुसळाचे वजन बदललेले नसते. हातापासून त्या वजनाचे अंतर बदललेले असते.

हे गणिताने दाखविता येते. एका रॅकेटचे वजन ३६० ग्रॅम असून तिचा तोल मुठीच्या खालच्या टोकापासून २७ सेंटिमीटरवर आहे आणि दुसरीचे वजन ३७५ ग्रॅम असून तोल २५ सेंटिमीटरवर आहे, असे समजू. हात त्या टोकापासून सुमारे १० सेंटिमीटरवर धरला, तर पहिलीचा तोलबिंदू हातापासून १७ आणि दुसरीचा १५ सेंटिमीटरवर येतो. वजनास अंतराने गुणिले असता पहिलीचा भार ६१२० आणि दुसरीचा ५६२५ येतो. तराजूत पंधरा ग्रॅमने जड असलेली रॅकेट हाताला सुमारे आठ टक्क्यांनी हलकी लागते!

हे झाले रॅकेट नुसती धरून ठेवण्याबद्दल. ती फिरविताना अंतराचा प्रभाव आणखी वाढतो, कारण फिरत्या वस्तूचे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चेहऱ्याच्या टोकावर, हातापासून ४० सेंटिमीटरवर, दहा ग्रॅमची संरक्षक पट्टी चिकटविली आणि तेवढ्याच वजनाची पट्टी मुठीवर, हातापासून ५ सेंटिमीटरवर गुंडाळली, तर पहिलीमुळे वाढणारे जडत्व दुसरीच्या चौसष्ट पट असते. तराजू दोन्ही वेळा दहाच ग्रॅम दाखवितो.

ह्यामुळे रॅकेटच्या आकारालाही महत्त्व येते. गोल चेहऱ्याच्या रॅकेटचा तोल बहुधा हाताकडे असतो, हिऱ्याच्या आकाराच्या रॅकेटचा टोकाकडे, आणि थेंबाच्या आकाराची या दोहोंच्या मध्ये बसते. पहिली हाताळण्यास सोपी; दुसरीचा डोक्यावरून मारलेला फटका जोरकस, पण थकलेल्या हाताला ती उशिरा वळते.

कोपराचा प्रश्न

तेव्हा हलकी रॅकेट घ्यावी म्हणजे झाले, असा निष्कर्ष येथे कोणी काढील. तोही अपुरा आहे. चेंडू आदळला की रॅकेटला मागे व बाजूला धक्का बसतो. रॅकेट जड असेल तर धक्क्याचा मोठा भाग तिच्या जडत्वातच जिरतो. रॅकेट फार हलकी असेल, त्यातही तिचा चेहरा कठीण असेल, तर तोच धक्का मुठीतून हातात उतरतो. शिवाय हलक्या रॅकेटने जोर आणण्यासाठी खेळाडू मूठ आवळून अधिक ताकदीने फटका मारू लागतो. म्हणजे फाजील जड रॅकेट ती फिरविताना हाताला शिणविते आणि फाजील हलकी रॅकेट चेंडू लागताना हाताला हादरविते. इजेचे स्थान मात्र बहुधा एकच असते.

ते स्थान म्हणजे कोपराची बाहेरची बाजू. मनगट मागे वळविणारे स्नायू येथील हाडाच्या उंचवट्याला कंडरेने जोडलेले असतात. मूठ आवळताना व मनगट स्थिर ठेवताना ह्या कंडरेवर ताण येतो. तो हजारो वेळा आला की ती झिजू लागते. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत १८८३ च्या सुमारास ह्या विकाराला लॉन टेनिसचे नाव चिकटले आणि पुढे तो 'टेनिस एल्बो' म्हणून रूढ झाला. प्रत्यक्षात तो सुतारांना, गवंड्यांना आणि रोज पिळे घालून कपडे धुणाऱ्यांनाही होतो.

सचिन तेंडुलकर यांना २००४ साली ह्याच विकाराने गाठले आणि मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांची बॅट नेहमीच्या बॅटींहून जड असे, म्हणून तिच्याकडे अनेकांनी बोट दाखविले. विकार नेमका बॅटीमुळेच झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी सांगितलेली गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हलकी बॅट त्यांनी वापरून पाहिली; परंतु फटक्याचा सारा झोकच त्या जुन्या वजनावर बसलेला असल्याने ती हाताला मानवली नाही. दांडा खालच्या बाजूस धरण्याची त्यांची सवयही लहानपणी थोरल्या बंधूंची मोठी बॅट वापरल्यामुळे पडलेली होती. तेंडुलकरांच्या असामान्य गुणवत्तेने ह्या सवयींतूनही धावांचे डोंगर उभे केले; ही गोष्ट प्रत्येकाला साधेलच असे नाही. वजन हे हळूहळू खेळाडूच्या अंगवळणी पडते आणि मग ते बदलणे कठीण होते, एवढा धडा मात्र सर्वांसाठी आहे. घरात वडिलांची रॅकेट पडून आहे म्हणून ती दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे ही काटकसर नव्हे. मुलांसाठी ३०० ग्रॅमच्या आसपासच्या रॅकेटी वेगळ्या मिळतात.

निवड कशी करावी

नवशिक्याने आणि पूर्वी कोपर किंवा खांदा दुखलेल्या व्यक्तीने गोल चेहऱ्याची, हाताकडे तोल असलेली, मऊ गाभ्याची आणि साधारण ३५० ते ३६५ ग्रॅमची रॅकेट घ्यावी. जाळीजवळ उभे राहून चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वीच परतविणाऱ्याला रॅकेट झटपट वळविता यावी लागते; त्यालाही हीच मर्यादा मानवते. उंच आलेले चेंडू जोराने मारून गुण मिळविणाऱ्या, सरावाने हात तयार झालेल्या खेळाडूने ३७० ग्रॅमच्या पुढे जाण्यास हरकत नाही. टोकाकडचा तोल आणि अधिक वजन ही दोन्ही एकाच वेळी मात्र वाढवू नयेत. एक वाढविले तर दुसरे आवरावे.

परीक्षेसाठी तीन साध्या गोष्टी पुरतात. स्वयंपाकघरातील काट्यावर रॅकेट तोलावी, कारण छापलेल्या आकड्यात आणि प्रत्यक्ष वजनात काही ग्रॅमांचा फरक असू शकतो. नंतर ती पेन्सिलीवर आडवी ठेवून तोलबिंदू शोधावा आणि पट्टीने मुठीच्या टोकापासूनचे अंतर मोजावे. शेवटची परीक्षा मैदानावरची : मित्राची रॅकेट मागून घेऊन निदान दीड तास खेळावे आणि अखेरच्या दहा मिनिटांकडे लक्ष द्यावे. चेंडूपाशी रॅकेट उशिरा पोहोचू लागली तर ती जड आहे. ती वेळेवर पोहोचूनही प्रत्येक फटक्याला मूठ थरथरत असेल तर ती हलकी किंवा कठीण आहे. दोन्ही तक्रारी नसतील तर शोध संपला.

पहिल्या दहा मिनिटांत आवडलेली नव्हे, तर शेवटच्या दहा मिनिटांतही पहिल्यासारखीच फिरणारी सर्वांत जड रॅकेट, ती आपली रॅकेट होय. तराजू निवडीला आरंभ करून देतो. निकाल थकलेल्या हाताने द्यावयाचा असतो.