मोटारीच्या स्टार्टरची खरखर घरी मोजता येते का?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ पळसदेवला मोबाइलवरून चालू-बंद होणारे मोटारीचे स्टार्टर बनवतो. ओळखीच्या शेतकऱ्यांकडे काही पेट्या बसवल्या आहेत. पेटी चालू असली की शेजारचा रेडिओ खरखरतो. एका घरात ती पडवीच्या पत्र्याला लावली आहे, तिथे रात्री तिचा गुणगुणाट झोपू देत नाही. मोटार बंद होताना पेटी कधीकधी आपोआप रीसेटही होते. प्रयोगशाळेत जायचं तर एका दिवसाचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर आहे. घरच्या घरी काय तपासता येईल? (एक वाचक, पळसदेव, ता. इंदापूर)

उत्तर : बरंच काही तपासता येईल, आणि पहिलं उपकरण तुमच्या शेजाऱ्याकडेच आहे. मध्यम लहरींचा तो रेडिओ घ्या आणि दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे चालेल. आता पेटी सुरू करून काटा सावकाश फिरवा. खरखर सगळीकडे सारखी असेल तर कुठेतरी ठिणगी पडते आहे, एखादा जोड सैल आहे. पण ती ठरावीक अंतरावर डोकं वर काढत असेल, समजा दर ६५ किलोहर्ट्झला, तर गुन्हेगार तुमचा स्विचिंग पॉवर सप्लाय आहे. तो सेकंदाला जितक्या वेळा उघडझाप करतो, त्याच्या पटीपटीत गोंगाट उमटतो.

मग रेडिओ पेटीपासून उचलून मोटारीकडे जाणाऱ्या केबलच्या कडेकडेने चालत जा. बहुतेक वेळा खरखर तुमच्याबरोबर चालत येते. नवख्या माणसाला वाटतं, गोंगाट पेटीतून बाहेर पडतो. प्रत्यक्षात पेटी तो तयार करते आणि केबल पसरवते. ३० मेगाहर्ट्झच्या लहरीला अडीच मीटर तारसुद्धा चांगला एरियल ठरते, आणि तुमच्या शेतकऱ्यांच्या केबली तर उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापर्यंत गेलेल्या असतात.

हा गोंगाट किती बारीक असतो, याचा अंदाज घ्या. घरगुती वापराच्या उपकरणांना आंतरराष्ट्रीय मानकांत जी मर्यादा आहे, ती ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३ मीटर अंतरावर मीटरला साधारण १०० मायक्रोव्होल्ट. एक मीटर केबलमधल्या सगळ्या तारांतून ५० मेगाहर्ट्झचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल, तर ही मर्यादा ओलांडायला ५ मायक्रोअँपिअर पुरतात. मोटार ओढते त्या दहा-बारा अँपिअरशी हे ताडून पाहा. म्हणून ‘आमची पेटी लहानशी आहे, ती काय त्रास देणार’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याच जिल्ह्यात या बारीक गोंगाटाची रोज धास्ती घेणारी एक जागा आहे. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन बाहूंवर. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे तिथली रेडिओ शांतता. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग या दुर्बिणीमुळे पुन्हा आखावा लागला. तिथल्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, जाळीच्या आहेत. लहरीच्या लांबीपुढे जाळीची भोकं खूपच लहान असल्याने लहरीला ती भिंतच वाटते. तुमच्या पेटीला हाच नियम लावा. गोल भोकांपेक्षा झाकणाची लांब फट जास्त घातक, कारण फटीची लांबी मोजली जाते, रुंदी नाही. झाकणाच्या कडेचा रंग खरवडा आणि स्क्रू जवळजवळ घ्या.

आता थोडा खर्च करू. टायनीएसए नावाचा हातात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर साध्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. त्याहून स्वस्तात आरटीएल-एसडीआर डोंगल लॅपटॉपला लावता येतो, पण तो साधारण २४ मेगाहर्ट्झच्या पुढेच नीट ऐकतो. पातळ कोअ‍ॅक्स केबलच्या टोकाला बोटाएवढं वेटोळं करून जोडा, म्हणजे जवळून हुंगणारा प्रोब तयार झाला. वेटोळ्यावर इन्सुलेशन चढवा आणि ते फक्त कमी व्होल्टच्या भागावर फिरवा. दुसरा प्रोब मला जास्त मोलाचा वाटतो : मिटणारा फेराइटचा चिमटा, त्यावर तारेचे चार-पाच वेढे, वेढ्यांची टोकं अ‍ॅनालायझरला. चिमट्यात मोटारीची अख्खी केबल बंद करा. तिन्ही फेजचा जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि उरतो तो नेमका गोंगाटाचा प्रवाह.

इथे दिसणारा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि जुळायची गरजही नाही. घरची चाचणी तुलनेसाठी असते. पेटी, केबल, प्रोब यांची जागा खडूने आखून ठेवा, आलेखाचा फोटो काढा, मग एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. केबलवर फेराइट चढवला आणि शिखर १० डेसिबलने खाली आलं, तर तो बदल खरा. दोन बदल एकदम केलेत तर कशामुळे गुण आला ते कळणार नाही.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, की तुमच्याकडे गाळपेराची मोकळी सपाटी तयार होते. आजूबाजूला तारा नाहीत, भिंती नाहीत. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला बॅटरी लावून तिथे ३ मीटरवरून मोजा. इन्व्हर्टर नेऊ नका, तो स्वतःच गोंगाट करतो. आधी पेटी बंद ठेवून आसमंतात काय काय आहे ते नोंदवून घ्या, नाहीतर एखाद्या एफएम केंद्रालाच तुम्ही आपली चूक समजाल.

रीसेटचं कारण बहुधा कॉन्टॅक्टरची कॉइल. ती सुटताना व्होल्टेजचा मोठा झटका मारते. कॉइलच्या दोन टोकांवर, शक्य तितक्या आखूड तारांनी, ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ जातीचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडा. खात्रीसाठी एक जुना रिले स्वतःच्याच संपर्कातून जोडून घंटीसारखा फडफडत ठेवा आणि त्याच्या तारा पेटीच्या केबलीला चिकटवून मीटरभर समांतर न्या. पाच मिनिटांत पेटी एकदाही अडखळली नाही, तर शेतातही ती तग धरण्याची शक्यता बरीच वाढली.

आता गुणगुणाट. ५० हर्ट्झच्या विजेवर चुंबक सेकंदाला १०० वेळा ओढतो, म्हणून हा सूर १०० हर्ट्झचा असतो. मोबाइलवरच्या ध्वनी-वर्णपट दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो पाहा. कॉन्टॅक्टरच्या चुंबकाच्या तोंडावर तांब्याची छोटी शेडिंग रिंग असते. ती तुटली, तोंडावर धूळ-गंज बसला किंवा व्होल्टेज पडलं, की चुंबक नीट चिकटत नाही आणि कुरकुरतो. सगळं ठीक असूनही आवाज मोठा असेल तर वीज तोडून पेटी पत्र्यावरून काढा, जाड गोधडीवर ठेवा आणि पुन्हा ऐका. आवाज दबला तर खरा वाजणारा पडवीचा पत्रा आहे, तोच ढोल झाला आहे. रबराचे वॉशर घालून पेटी भिंतीला लावा. भोवती गोधड्या टांगून मात्र उपयोग नाही. १०० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, दोन बोटं जाडीच्या कापडाला ती जुमानत नाही.

मोजमाप रात्री, पेटीपासून १ मीटरवर करा. पेटी सुरू केल्यावर आकडा आधीच्यापेक्षा १० डेसिबलने तरी वाढायला हवा. फक्त ३ ने वाढला तर पेटीचा आवाज आणि रात्रीचा आवाज सारखेच आहेत, आणि मोजमाप कच्चं आहे. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसराची आहे, पण उशाशी लावलेल्या पेटीने त्याच्या बरंच खाली असावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट घरी करू नका. विजेच्या लाइनवरचा गोंगाट मोजायला प्रयोगशाळेत एलआयएसएन नावाचं जाळं वापरतात. त्यातले कपॅसिटर अर्थिंगमध्ये अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह सोडतात. अर्थिंगची तार सुटली तर पेटीचं आवरणच जिवंत होतं. थ्री-फेजवर हा प्रयोग जाणत्या माणसाशिवाय नकोच. एरवीही उघड्या पेटीवर काम करताना एकाने मेन स्विचपाशी उभं राहावं.

हे सगळं झाल्यावरच मुंबईच्या ‘समीर’सारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत एका दिवसाची वेळ घ्या. जाताना सुटे फेराइट, कपॅसिटर, सोल्डरगन आणि घरचे आलेख बरोबर न्या, म्हणजे पेटी नापास झाली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करून पुन्हा मोजता येईल. आणि केबल शेतात वापरता तीच न्या, तिथे मिळेल ती आखूड केबल लावू नका.