भाताचा पेंढा, कोंडा व उपयुक्त बुरशी

डहाणू व तलासरी तालुक्यांत भात हे प्रमुख पीक आहे. त्याचा पेंढा व कोंडा हे बुरशीचे खाद्य होय. ते पचविण्याकरिता बुरशी जे पाचक द्रव्य सोडते, त्यास विकर म्हणतात. कापड व कागद उद्योगांत विकरे वापरली जातात. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून विकर काढण्याच्या कृतीचे पेटंट जोकिची ताकामिने यांना अमेरिकेत १८९४ साली मिळाले.

तथापि या कामास शुद्ध बीज, निर्जंतुक कोंडा आणि नियंत्रित ओलावा व उष्णता लागते. घरी आपोआप चढलेली बुरशी विषारी असू शकते. तसा पेंढा जनावरांस घालू नये. पेंढा कोरडा राखावा. भिजल्यास जाळू नये. शेण व ट्रायकोडर्मा मिसळून कंपोस्ट करावे. खड्ड्यातही विकरेच पेंढा कुजवितात.